पेटी खोलीत, पाय प्रवाळावर

प्रश्न : सिस्टर, पुढच्या महिन्यात आम्ही चौघं आठ दिवसांसाठी उष्ण कटिबंधातल्या एका लहानशा बेटावर जातोय. मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मुलाचं वजन २२ किलो आहे. नवऱ्याला ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवी वाढवणारी. बेटावर दवाखाना नाही, तो शेजारच्या मोठ्या बेटावर, बोटीनं पाऊण तासावर आहे. प्रथमोपचाराच्या पेटीसाठी ४३ वस्तूंची यादी केलीय, ती सोबत पाठवतेय. आणखी काय काय घेऊ?
– काळजीत पडलेली एक आई

उत्तर : आणखी काहीही घेऊ नका. उलट या यादीतल्या निम्म्या वस्तू खोडायच्या आहेत.

अशाच एका बेटावरच्या दवाखान्यात मी तीन वर्षं नर्स होते. दोन खाटांचा दवाखाना, डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस यायचे, बाकीचे दिवस मी आणि फोन. एका दुपारी एक गृहस्थ तळपायाला टॉवेल गुंडाळून आले. ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यात चालताना प्रवाळावर पाय पडला होता. त्यांच्याकडे सुरेख पेटी होती, कप्पेवाली, प्रत्येक कप्प्याला चिठ्ठी. फक्त ती हॉटेलच्या कपाटात होती आणि हे तासभर लांबच्या वाळूच्या दांड्यावर. टॉवेलही वाळूनं भरलेला. जखम साधीच होती, पण धुवायला उशीर झाला आणि ती दहा दिवस रेंगाळली. त्यांची सगळी सुट्टी व्हरांड्यातल्या खुर्चीत गेली.

म्हणून पहिलं काम हे करा : एका पेटीऐवजी दोन करा. मोठी खोलीवर राहील. दुसरी मुठीएवढी, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि ती तुमच्याबरोबर बोटीत चढेल, वाळूवर उतरेल. तिच्यात गॉझच्या चार घड्या, कापडी चिकटपट्टीचं एक रीळ, टोकदार चिमटा, पोव्हिडोन-आयोडीनची छोटी बाटली, ओआरएसची दोन पाकिटं, पॅरासिटामॉलची एक स्ट्रिप, ॲलर्जी-खाजेसाठी सेट्रिझीनच्या चार गोळ्या आणि सुई नसलेली २० मिलीची सिरिंज. सिरिंज पाहून घरचे हसतील, हसू द्या. जखमेत अडकलेली वाळू आणि प्रवाळाचे चुनखडी कण कापसानं पुसून निघत नाहीत. पिण्याचं पाणी सिरिंजमध्ये भरून जोरात फवारलं की निघतात. पाच-सहा वेळा नाही, पन्नास-साठ वेळा फवारायचं. उरलेले कण चिमट्यानं काढायचे. नंतर आयोडीन, वर सैल गॉझ, आणि जखम भरेपर्यंत समुद्र बंद. लाली पसरू लागली, पाय ठणकू लागला किंवा ताप आला तर त्याच दिवशी बोट पकडा, उद्यावर टाकू नका. उबदार समुद्रातले काही जंतू फार वेगानं हातपाय पसरतात, आणि मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना तर जास्तच धोका.

तुमच्या यादीत २४ रंगीत प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत. मुलाच्या समाधानासाठी सहा ठेवा. घामात आणि खाऱ्या पाण्यात त्या अर्ध्या तासात गळून पडतात. त्यापेक्षा सगळ्यांना जाड रबरी तळव्याचे, पाण्यात घालायचे बूट घ्या. ते प्रथमोपचारात मोडत नाहीत हे मला मान्य, पण माझ्याकडे आलेल्या दर दहा जखमी पायांपैकी बहुतेक पाय अनवाणी होते.

काटेरी गोळ्यासारखा सी अर्चिन किंवा काटेवाला मासा टोचला तर औषध म्हणजे गरम पाणी. साधारण ४५ अंशांचं, सोसवेल इतकंच गरम, त्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. अशा बऱ्याच माशांचं विष उष्णतेनं मोडतं आणि वेदना उतरते. पाणी तपासायचं ते दुखऱ्या पायानं नाही, चांगल्या हातानं. वेदनेनं बधिर झालेल्या पायाला पाणी किती कढत आहे ते कळत नाही आणि टोचल्याच्या वर भाजल्याची भर पडते. हे मी स्वतः पाहिलंय.

आता मोठी पेटी. जुलाबासाठी ओआरएस दहा पाकिटं घ्या. यात बहुतेकजण एकच चूक करतात : एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात ओततात. ते द्रावण इतकं खारट-गोड होतं की जुलाब वाढू शकतात. पाकिटावर १ लिटर लिहिलं असेल तर पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमध्येच, आणि २०० मिलीचं असेल तर २०० मिलीमध्ये. त्यासाठी एक लिटरची खूण असलेली बाटली सोबत असू द्या. पाणी सीलबंद किंवा किमान एक मिनिट खळखळून उकळलेलं. केलेलं द्रावण २४ तासांनी ओतून द्या. मोठ्या माणसाला प्रत्येक जुलाबानंतर २०० ते ४०० मिली, तुमच्या मुलाला १०० ते २००, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्यानं सुरू करा.

जुलाब थांबवणारं लोपेरामाइड तुमच्या यादीत दोनदा आलंय. ते मोठ्यांसाठी, बोटीचा किंवा विमानाचा प्रवास टाळताच येत नसेल तेव्हा. शौचात रक्त असेल किंवा ताप असेल तर अजिबात नको. मुलाला तर देऊच नका.

यादीत ताप आणि वेदनेसाठी आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन आहेत. दोन्ही घरी ठेवा. उष्ण बेटांवर डेंग्यू असतो आणि त्याचे डास दिवसा चावतात. ताप डेंग्यूचा निघाला तर या दोन्ही गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप कसला ते कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. मोठ्यांना ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, दोन वेळांत किमान चार तासांचं अंतर, २४ तासांत आठपेक्षा जास्त नाही. सासूबाईंचं वजन कमी असेल तर त्याहून कमी, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. तुमच्या नवऱ्याच्या बाबतीत आयबुप्रोफेनचं आणखी एक दुखणं आहे : ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांच्या जोडीला ते मूत्रपिंडावर ताण देतं, अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर जास्तच. निघण्यापूर्वी डॉक्टरांना नेमका हा प्रश्न विचारा : जुलाब-उलट्या लागल्या तर या दोन गोळ्यांपैकी कुठली थांबवायची का, आणि किती दिवस? उत्तर कागदावर लिहून घ्या, पेटीत ठेवा.

मुलाचं सिरप घेताना बाटलीवर बघा, ५ मिलीत १२० मिलिग्रॅम आहे की २५०. दोन्ही मिळतात आणि घाईत सारखीच दिसतात. २२ किलोला एका वेळी २२० ते ३३० मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे २५० वालं असेल तर साधारण ५ मिली. घरच्या चमच्यानं मोजू नका, सोबतची मापाची टोपी हरवण्याआधी बाटलीला रबर लावून बांधा.

डासांच्या औषधात २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के इकारिडिन असलेलं घ्या. डीट प्लास्टिक विरघळवतं, माझ्या घड्याळाचा पट्टा त्यानंच चिकट झाला, तेव्हा गॉगलला हात लावण्यापूर्वी हात धुवा. आधी सनस्क्रीन, ती मुरली की डासांचं औषध, उलट क्रमानं नाही. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, दर दोन तासांनी आणि प्रत्येक वेळी पाण्यातून बाहेर आल्यावर. आठ दिवसांना चौघांसाठी एक छोटी ट्यूब पुरत नाही, हे मात्र तुमच्या यादीत कमीच पडलंय. घटक वाचून घ्या : हवाईत २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेली सनस्क्रीन विकायला बंदी आहे, पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेटांच्या देशानं २०२० मध्ये असाच कायदा लागू केला, कारण प्रवाळाला धोका. फक्त झिंक ऑक्साइडवाली घेतलीत तर या दोन घटकांचा प्रश्नच उरत नाही.

बोटीच्या मळमळीची गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. सासूबाईंना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. या गोळ्यांनी वयस्कर माणसं गुंगतात, गोंधळतात, आणि काचबिंदू असेल तर काही गोळ्या चालतच नाहीत.

बाकीचं पटकन : डिजिटल थर्मामीटर, एक क्रेप बँडेज, घामोळ्यांसाठी कॅलामाइन, बोथट टोकाची कात्री. कात्री आणि १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटल्या मोठ्या सामानात, रोजच्या गोळ्या मात्र हातातल्या बॅगेत आणि दोन-तीन दिवसांच्या जास्त. बोटी वादळात थांबतात. यादीतला स्टेथोस्कोप, गळपट्टी आणि सर्पदंशाचा किट खोडलाय. सर्पदंशाच्या किटमधला चोखण्याचा पंप तर घरीही ठेवू नका.

प्रश्न : आम्ही मित्र पोहायला जाणार आहोत. जेलीफिश चिकटली तर त्या जागी लघवी करावी, असं एकानं छातीठोकपणे सांगितलंय. खरं का?
– एक कॉलेजचा विद्यार्थी

उत्तर : नाही. त्या मित्राला पुढे पाठवू नका, एवढंच.

लघवीनं किंवा गोड्या पाण्यानं कातडीवर राहिलेल्या न फुटलेल्या विषपेशी फुटू शकतात. वाळूनं चोळूही नका. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, तंतू चिमट्यानं उचला. व्हिनेगर बॉक्स जेलीफिशसाठी उपयोगी, किमान ३० सेकंद ओतायचं. ब्लूबॉटलसाठी (निळ्या फुग्यासारखी तरंगणारी) मात्र ते सुचवत नाहीत, तिथे सोसवेल इतकं गरम पाणी २० मिनिटं. म्हणून किनाऱ्यावर पोचल्यावर पहिल्याच दिवशी जीवरक्षकाला विचारा, इथे कुठली येते आणि तुमच्याकडे काय आहे. श्वास घ्यायला त्रास, छातीत दुखणं, भोवळ यांपैकी काहीही झालं तर गरम पाणी शोधत बसायचं नाही, माणूस बोटीत घालायचा आणि श्वास थांबला तर छाती दाबायला सुरुवात करायची. छाती दाबण्याचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण पेटीत मावत नाही, पण तुम्हा मित्रांपैकी दोघांनी तरी घ्या.

प्रश्न : मला इन्सुलिन चालू आहे. एक डॉक्टर मोठ्या सामानात बर्फात ठेवा म्हणतात, मुलगी नको म्हणते.
– एक निवृत्त शिक्षक

उत्तर : गुरुजी, मुलीचं ऐका. विमानाच्या पोटातलं सामान गोठण्याइतकं थंड होऊ शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पहिल्यासारखं दिसतं, पण भरवशाचं राहत नाही. ते हातातल्या बॅगेत, बर्फाला न चिकटता. सोबत डॉक्टरांचं पत्र, त्यात औषधाचं मूळ नाव, नुसतं ब्रँडचं नाही. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकतं, पण नेमके दिवस तुमच्या खोक्यावर लिहिलेले असतात. बेटावर खोली थंड नसेल तर पाण्यात भिजवून वापरायच्या, बाष्पीभवनानं गार राहणाऱ्या पिशव्या मिळतात. बोटीतल्या प्लास्टिकच्या खोक्यात विसरू नका. एकदा माझ्या कॅप्सूल तशाच राहिल्या, संध्याकाळी सगळ्यांचा मिळून एकच गोळा झाला होता. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेनं त्या चुकीचे आकडे दाखवतात.

आणि गुरुजी, पाय. रोज रात्री दोन्ही तळवे बघा, वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. सुन्न पायाला चटका आणि काटा दोन्ही कळत नाहीत.

प्रश्न : शेजाऱ्यांकडे अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप उरलीय. सोबत नेऊ का?
– एक वाचक

उत्तर : नको. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी, केव्हा सुरू करायचं ते सांगून दिलं तरच न्या. मलेरियाच्या बेटासाठी डॉक्सिसायक्लिन दिलं असेल तर त्यानं उन्हात कातडी लवकर भाजते, टोपी आणि लांब बाह्या घ्या. आणि परतल्यावर लगेच बंद करू नका, ते चार आठवडे घ्यायचं असतं.

प्रश्न : परत आल्यावर उरलेल्या औषधांचं काय करायचं?
– हाच प्रश्न तिघांनी विचारलाय

उत्तर : ओल लागलेल्या, फुगलेल्या, चिकट झालेल्या स्ट्रिप टाकून द्या. दगडासारखी झालेली ओआरएसची पाकिटंही. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आधी सांगा की बेटावर जाऊन आलोय, डासांच्या चाव्यांसकट. मलेरिया काही महिन्यांनीही डोकं वर काढतो. चिमटा मात्र गोड्या पाण्यानं धुवून, कोरडा पुसून ठेवा. माझा पहिला खाऱ्या हवेत गंजला, आणि नेमका काटा काढायच्या वेळी उघडेना.