माळ्यावरचा व्हिडिओ गेम, कसर लागलेली पुस्तकं

प्रश्न : नव्वदच्या दशकातला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम माळ्यावर सापडला. कॅसेट, दोन रिमोट, बंदूक सगळं आहे. आता घरी एलईडी टीव्ही आहे. मुलीबरोबर काँट्रा आणि बदकांचा गेम खेळता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काँट्रा बहुतेक चालेल, बदकं नाहीत.

आपल्याकडे तेव्हा मिळणारे बहुतेक संच १९८३च्या फॅमिकॉम या जपानी गेम-संचाच्या नकला होते. आधी अडॅप्टर बघा. किती व्होल्ट आणि पिनेला अधिक की उणे, हे संचाच्या तळाशी छापलेलं असतं. नवा अडॅप्टर घेताना दोन्ही जुळलंच पाहिजे, नाहीतर आतला भाग जळू शकतो. जुना ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा अडॅप्टर मल्टिमीटरवर १२-१३ दाखवेल. संच जोडलेला नसताना (लोड नसताना) ते ठीकच आहे.

पडदा राखाडी राहिला किंवा नुसते चौकोन दिसले, तर कॅसेटच्या ६० पिना मळल्यात. फुंकर मारू नका. लहानपणी फुंकरीने काम झाल्यासारखं वाटायचं, पण खरा फरक कॅसेट काढून परत बसवल्याने पडायचा. तोंडातल्या ओलाव्याने पिना उलट गंजतात. कापूसकाडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून दोन्ही बाजू पुसा आणि पाच मिनिटं वाळू द्या. पॉलिश पेपर नको, वरचा मुलामा निघून जातो.

टीव्हीला पिवळी एव्ही पिन नसेल तर एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर घ्या. एचडीएमआय-टू-एव्ही तसाच दिसतो, पण उलट दिशेने चालतो. दुकानात डबीवरचं नाव वाचूनच घ्या. बटण दाबल्यावर उडी उशिरा पडत असेल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा. काँट्रात तीन जीव पुरत नसतील तर सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए आणि मग स्टार्ट, तीस मिळतात.

बंदुकीचं असं आहे : घोडा ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला सेन्सर तो उजेड ठरलेल्या क्षणीच शोधतो. एलईडी टीव्हीवर चित्र थोडं उशिरा येतं, म्हणून नेम अचूक असला तरी चुकलाच म्हणून धरला जातो. कोणताही कन्व्हर्टर यावर उपाय नाही. डब्याचा जुना टीव्ही कुठे मिळाला तर मात्र जरूर आणा; तो गेम त्यावरच खेळायचा.

प्रश्न : लहानपणीच्या पुस्तकांना कसर लागली आहे, पानं सुटली आहेत. परत वाचायची आहेत.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : पुस्तक कोरडं असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर पानांवर दव धरतं. मग मऊ ब्रशने झटका. गंजलेल्या पिना काढून दोऱ्याने शिवा. सेलोटेप अजिबात नको : तिचा डिंक पिवळा पडून अक्षरांत मुरतो. फाटलेल्या जागी पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या पिठाची पातळ खळ पुरते. पान दुमडताच तुटत असेल तर वाचायला नवी आवृत्ती घ्या आणि जुनी प्रत जपून ठेवा.