सीएस २ (काउंटर-स्ट्राइक २, नेमबाजीचा गेम) साठी रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवरची पिक्सेलसंख्या, कोणती ठेवू?

अरे, बरेच प्रो खेळाडू १२८०×९६० स्ट्रेच्डवर (४:३ आकाराचं चित्र रुंद स्क्रीनभर ताणून) खेळतात म्हणून लगेच तेच लावू नकोस. असं ताणलं की समोरचा शत्रू रुंद दिसतो हे खरं, पण तो स्क्रीनवर सरकतोही तेवढ्याच जास्त वेगाने, आणि दोन्ही कडांचं दृश्य कापलं जातं. कडेला उभा असलेला शत्रू दिसतच नाही! खरा फायदा एफपीएसचा (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा): १९२०×१०८० मध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १२८०×९६० मध्ये १२.३ लाख, म्हणजे कार्डाला काम कमी. ग्राफिक्स कार्ड जुनं असेल तर जरूर कर. व्हॅलोरंट या दुसऱ्या नेमबाजीच्या गेममध्ये मात्र गेमच्या सेटिंगमधून स्ट्रेच करून शत्रू जाड होत नाही, उगाच खटाटोप. आधी विंडोजमध्ये बघ, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर ६० वरच तर चालत नाही ना? बऱ्याच जणांचा चालतो. जे निवडशील ते महिनाभर बदलू नकोस.