वाचकांचे प्रश्न : छोट्या सौर संचाची जुळणी

प्रश्न : वीज न पोहोचलेल्या खोलीत ९ वॅटचे चार दिवे, एक पंखा, राउटर आणि दोन मोबाइल चालवायचे आहेत. किती वॅटचे पॅनेल पुरेल?

उत्तर : पॅनेलचा आकडा सगळ्यात शेवटी ठरतो. आधी रोजचे वॅट-तास (वॅट गुणिले वापराचे तास) काढा. दिवे पाच तास लागत असतील तर १८०. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित डीसी मोटरचा) पंखा ३० वॅट घेतो, त्याचे दहा तासांचे ३००. साधा पंखा ७५ वॅटचा असतो, म्हणजे तेवढ्याच वेळात ७५० खातो. तेव्हा पॅनेल वाढवण्याआधी पंखा बदला. राउटर १० वॅटचाच, पण चोवीस तास चालणारा, म्हणून २४०. मोबाइलचे ३० धरा. बेरीज ७५०.

आता हिशेबातून हमखास सुटणारी गोष्ट. इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसी विजेची २३० व्होल्ट एसी करणारे यंत्र) नुसता चालू ठेवला तरी तो स्वतःसाठी वीज घेतो. १२ वॅट धरले तरी दिवसाला २८८ वॅट-तास, म्हणजे जवळजवळ पंख्याइतके! एकूण गरज १,०४० च्या आसपास जाते. वायर, बॅटरी, धूळ आणि तापलेले पॅनेल यांत मिळून सुमारे ३० टक्के वाया जातात, म्हणून याला ०.७ ने भागा : साधारण १,४८५. प्रखर उन्हाचे साडेचार तास मिळत असतील तर ३३० वॅटचे पॅनेल हवे. ढगाळ महिन्यात तेच तीन तासांवर आले तर जवळपास ५०० वॅट लागतील. हिशेब नेहमी वर्षातल्या सर्वांत कमी उन्हाच्या महिन्याचा करा.

तुमच्या यादीत २३० व्होल्टवाचून अडेल असे काहीच नाही. दिवे आणि पंखा १२ व्होल्ट डीसीवर चालणारे घेतले, तर इन्व्हर्टर लागतच नाही आणि साधारण २४० वॅटचे पॅनेल भागवते. राउटर मात्र थेट बॅटरीला जोडू नका. चार्जिंगच्या वेळी बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत चढते; मध्ये स्थिर १२ व्होल्ट देणारा डीसी कन्व्हर्टर हवा.

प्रश्न : ३३० वॅटचे पॅनेल, १२ व्होल्टची बॅटरी आणि २० अँपिअरचा पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारे यंत्र) बसवला आहे. भर दुपारीही बॅटरीत साडेआठ अँपिअरच जातात. पॅनेल खराब आहे का?

उत्तर : पॅनेल उत्तम आहे, जोडी चुकली आहे. पॅनेलच्या मागचे लेबल वाचा. ७२ सेलच्या अशा पॅनेलवर व्हीएमपी (पॅनेल सर्वाधिक वॅट देते तेव्हाचे व्होल्टेज) ३७.५ व्होल्ट आणि आयएमपी (त्याच वेळचा प्रवाह) ८.८ अँपिअर असे काहीसे आकडे असतील. त्यांचा गुणाकार म्हणजेच ३३० वॅट. पीडब्ल्यूएम कंट्रोलर हा एक झटपट चालू-बंद होणारा स्विच असतो. तो पॅनेल सरळ बॅटरीला जोडतो, त्यामुळे पॅनेलचे व्होल्टेज बॅटरीच्या १३ व्होल्टपर्यंत खाली ओढले जाते. अँपिअर मात्र तेवढेच राहतात. ८.८ गुणिले १३ म्हणजे ११४ वॅट. उरलेले दोनशेहून अधिक वॅट तुम्हाला कधीच मिळत नाहीत.

एमपीपीटी हा कंट्रोलरचा दुसरा प्रकार. तो पॅनेलला त्याच्या ३७ व्होल्टवर चालू देतो आणि जादा व्होल्टेजचे अँपिअर करून देतो. ३३० वॅटमधून ५ टक्के वजा करून १३ ने भागले की २४ अँपिअर येतात, म्हणून ३० अँपिअरचा घ्यावा. असेच दुसरे पॅनेल पुढे जोडायचे असेल, तर १२ व्होल्टवर ४८ अँपिअर होतील. त्यापेक्षा बॅटरी २४ व्होल्टची करा, ३० अँपिअरचाच कंट्रोलर पुरेल.

दुसरी मर्यादा व्होल्टेजची, आणि ती ओलांडली तर कंट्रोलर जळतो. ४६ व्होल्ट व्हीओसी (काहीही न जोडलेल्या पॅनेलचे व्होल्टेज) असलेली दोन पॅनेल्स सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडली तर ९२ व्होल्ट होतात. १०० व्होल्टच्या कंट्रोलरला हे चालेल असे वाटते. पण लेबलवरचा आकडा २५ अंश तापमानाचा असतो आणि त्याखाली प्रत्येक अंशाला व्होल्टेज सुमारे ०.३ टक्के वाढते. थंडीत पहाटे पारा शून्यावर असेल, तर हेच ९२ व्होल्ट ९९ होतात. इथे १५० व्होल्टचाच कंट्रोलर हवा.

नावाने ‘एमपीपीटी’ पण आतून पीडब्ल्यूएम असलेले कंट्रोलरही विकले जातात. बॅटरी अर्धी रिकामी असताना भर उन्हात डीसी क्लॅम्प मीटरने (वायरभोवती अडकवून प्रवाह मोजणारे मीटर) दोन्ही बाजूंचे अँपिअर मोजा. या पॅनेलवर बॅटरीकडचे अँपिअर पॅनेलकडच्यांच्या अडीच-पावणेतीन पट दिसले पाहिजेत. दोन्ही सारखेच दिसले तर तो एमपीपीटी नव्हे. भरलेल्या बॅटरीवर ही चाचणी करू नका, तेव्हा प्रवाह एरवीही कमीच असतो.

पीडब्ल्यूएम वाईट असतो असे मुळीच नाही. ३६ सेलचे, १८ व्होल्ट व्हीएमपीचे १०० वॅटचे पॅनेल आणि १२ व्होल्टची बॅटरी असेल, तर तो व्यवस्थित काम करतो.

प्रश्न : बॅटरी १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर, म्हणजे लेड-अॅसिड प्रकारची, घ्यावी की १०० एएचची लिथियम?

उत्तर : एएचची थेट तुलना करू नका. ट्युब्युलर : १२ गुणिले १५० म्हणजे १,८०० वॅट-तास, पण ती निम्म्याखाली उतरवली की आयुष्य घटते, म्हणून हाती ९००. लिथियम आयर्न फॉस्फेट : १२.८ गुणिले १०० म्हणजे १,२८०, त्यातले ८० टक्के बिनधास्त वापरता येतात, म्हणजे १,०२४. लिथियम हलकी असते आणि पाणी मागत नाही. ट्युब्युलर घेतली तर हवा खेळती ठेवा, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

लिथियम घेताना आतल्या बीएमएसचे (बॅटरीचे रक्षण करणाऱ्या सर्किटचे) अँपिअर विचारून घ्या. बीएमएस ५० अँपिअरचा असेल तर बॅटरी ६४० वॅटपलीकडे देणार नाही आणि १,००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भार घेताच सगळे बंद पडेल. शून्य अंशाखाली ती चार्जही करू नये. लेड-अॅसिडसाठीचे इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेजने करायचे चार्जिंग) आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोय, या दोन्ही गोष्टी कंट्रोलरमध्ये बंद करा.

ट्युब्युलरला एएचच्या सुमारे १० टक्के चार्जिंग प्रवाह लागतो, इथे १५ अँपिअर. मोठी बॅटरी आणि लहानसे पॅनेल असेल तर ती कधीच पूर्ण भरत नाही, प्लेट्सवर सल्फेट साचते आणि बॅटरी लवकर निकामी होते.

प्रश्न : १२ व्होल्टच्या १,००० वॅट इन्व्हर्टरवर ८०० वॅटचे ड्रिल लावले की ‘बॅटरी लो’चा बझर वाजतो. बॅटरी नुकतीच भरलेली असते.

उत्तर : आधी वायर तपासा. ८०० वॅटसाठी इन्व्हर्टर बॅटरीतून साधारण ७५ अँपिअर ओढतो, सुरू होण्याच्या क्षणी त्याहून खूपच जास्त. बॅटरी दोन मीटरवर आणि वायर ६ चौरस मिमीची असेल, तर जाण्यायेण्याच्या चार मीटरमध्ये ०.९ व्होल्टहून अधिक गळतात. त्यात बॅटरीचे स्वतःचे व्होल्टेजही भारामुळे उतरते, आणि इन्व्हर्टरला ती रिकामी वाटते. २५ चौरस मिमीच्या वायरवर हीच गळती पाव व्होल्टच्या आत येते. अंतरही एक मीटरवर आणा. ड्रिल चालू असताना आधी बॅटरीच्या आणि मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर वायर बारीक आहे किंवा लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) नीट क्रिम्प झालेला, म्हणजे दाबून बसवलेला, नाही. ढिल्या लगनेच बहुतेक वेळा टर्मिनल वितळते.

बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच १२५ अँपिअरचा डीसी फ्यूज बसवा. घरगुती एसी एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) तिथे चालणार नाही. एसीत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीत ती पेटतच राहते.

प्रश्न : कंट्रोलरला आधी पॅनेल जोडायचे की बॅटरी?

उत्तर : बॅटरी. कंट्रोलर तिच्यावरूनच १२ की २४ व्होल्ट ते ओळखतो. काढताना उलट : पॅनेल आधी, तेही झाकून किंवा डीसी स्विच बंद करून. भर उन्हात, प्रवाह चालू असताना एमसी-फोर कनेक्टर (पॅनेलच्या वायरींचे जोड) ओढून काढू नका.

प्रश्न : दोन वर्षांच्या बॅटरीला नवी समांतर जोडू का?

उत्तर : नको. दोघींचा अंतर्गत रोध वेगळा असतो, भार सारखा वाटला जात नाही. जुनी नीट भरत नाही आणि नवीवरचा ताण वाढतो. क्षमता वाढवायचीच असेल तर एकाच क्षमतेच्या, एकाच तुकडीतल्या दोन नव्या घ्या आणि पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून, निगेटिव्ह दुसरीवरून काढा.