'तत्त्वांना हरताळ फासला' : हा हरताळ कुठला?

प्रश्न असा आहे : जॉर्ज फर्नांडिस यांच्यावरच्या लेखांत 'मंत्री झाल्यावर त्यांनी तत्त्वांना हरताळ फासला' असं वाचायला मिळतं. संप घडवणाऱ्या नेत्याबद्दल 'हरताळ' ही मुद्दाम केलेली कोटी आहे का?

नाही. उच्चार एक असला तरी शब्द दोन आहेत, आणि कोणता कुठला हे क्रियापद सांगतं.

फासायचा हरताळ म्हणजे संस्कृत 'हरिताल' : आर्सेनिक आणि गंधक यांचं पिवळंधमक, विषारी खनिज. पोथी लिहिताना चूक झाली की त्याची पूड डिंकाच्या पाण्यात खलून त्या अक्षरावर फासत. कागद पिवळसर असला की डाग उठून दिसत नसे, आणि वाळल्यावर वर नवं अक्षर लिहिता येई. म्हणून हरताळ फासायला आधी काही ठरलेलं, मान्य केलेलं लागतं : वचन, नियम, तत्त्व. 'त्यांच्या लोकप्रियतेला हरताळ फासला गेला' हे त्यामुळेच खटकतं.

पाळायचा हरताळ गुजराती 'हडताळ'शी जोडलेला : हाटाला, म्हणजे दुकानांना, ताळं. रौलट कायद्याविरुद्ध 6 एप्रिल 1919 रोजी देशभर पाळला गेला तो हा. हिंदी-गुजरातीत कामगारांच्या संपालाही हाच शब्द चालतो, म्हणून अनुवादित बातम्यांत 'बँक कर्मचाऱ्यांचा हरताळ' येतो. मराठीत तिथे 'संप'च हवा.

संप कामगार करतात, टाळेबंदी मालक करतो, बंद सगळं शहर पाळतं. फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली 8 ते 27 मे 1974 या काळात झाला तो रेल्वे कामगारांचा संप. त्याला 'रेल्वे बंद' म्हणू नये. मुंबई ठप्प करण्याच्या ताकदीमुळे त्यांना मिळालेलं 'बंदसम्राट' हे बिरुद मात्र नेमकं आहे.

आता मूळ वाक्य. संपवाला मंत्री झाला, एवढ्यावर ते लिहिणं अन्यायाचं. 1977 मध्ये उद्योगमंत्री झाल्यावर परदेशी भागभांडवल 40 टक्क्यांवर आणण्याचा नियम त्यांनी कोका-कोलाला लावून धरला. तिथे तत्त्व पाळलं गेलं. पण जुलै 1979 मध्ये त्यांनी अविश्वास ठरावावर लोकसभेत मोरारजी देसाई सरकारची बाजू हिरिरीनं मांडली आणि काही दिवसांतच राजीनामा दिला. त्याबद्दल 'स्वतःच्या शब्दाला हरताळ फासला' असं कुणी लिहिलं, तर वाक्प्रचार चपखल बसतो.