सहाटायर गाडी, नाशिक-इंदूर: १,८०० रुपये टनात काय उरतं

प्रश्न असा आहे: २०१९ ची सहाटायर गाडी (दोन ॲक्सलचा ट्रक), हप्ता ३२,००० रुपये, अंबड एमआयडीसीतून इंदूरला १२ टन माल, दलाल १,८०० रुपये टन देतोय. भरावी का?

नुसत्या जाण्याच्या भाड्यावर नाही. परतीचा माल किती दिवसांत मिळतो ते आधी बघा, भाव नंतर.

गाडीला दोन प्रकारचे खर्च लागतात, एक दिवसाचा आणि एक किलोमीटरचा. बरेच जण फक्त डिझेल धरतात आणि तिथेच फसतात. हप्ता ३२,०००, ड्रायव्हर १८,०००, विमा-टॅक्स-परमिट-फिटनेसचे महिन्याला १०,००० धरा. (नॅशनल परमिटचे, म्हणजे राज्याबाहेर गाडी चालवायच्या परवान्याचेच, वर्षाला १६,५०० जातात.) झाले ६०,०००, म्हणजे दिवसाला २,०००. गाडी दारात उभी असली तरी हे जातातच. किलोमीटरमागे डिझेल ९० रुपये लिटरने भरलेल्या गाडीला १८ रुपये (५ चं ॲव्हरेज), रिकामीला १४. वर टायर, ऑइल, ग्रीसिंग, ब्रेकचे लायनर मिळून ४ रुपये. हे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या वहीतले घालून हिशोब परत मांडा.

इंदूर साधारण ४१० किलोमीटर. भरून जायचं डिझेल ७,३८०, रिकामं यायचं ५,७४०, टायर-मेंटेनन्स ३,२८०, दोन्हीकडचा टोल ३,५००, ड्रायव्हरचा भत्ता तीन दिवसांचा १,५००, गाडीचे तीन दिवस ६,०००. एकूण २७,४००. भाडं २१,६००. म्हणजे ५,८०० खिशातून.

आता परतीला इंदूरजवळच्या पिथमपूर किंवा देवासहून १,२०० रुपये टनाने १२ टन मिळालं असं धरू. जमा ३६,०००. खर्चात डिझेलचे १,६४० वाढले, एक दिवस थांबल्याचे भत्त्यासकट २,५००, कमिशन आणि किरकोळ १,०००. खर्च ३२,५४०, उरले ३,४६०. दुसरा दिवस थांबलात तर ९६०. तिसऱ्या दिवशी तोटा. म्हणून इंदूरच्या दलालाला फोन गाडी भरायच्या आधी करायचा, खाली झाल्यावर नाही. तिथला माणूस तुमची गाडी रिकामी उभी आहे हे ओळखूनच भाव पाडतो. दोन दिवसांत माल नसेल तर धुळ्यापर्यंतचा अर्धा माल कमी भावानेही घ्यावा, डिझेल तरी निघतं.

दोन टन जास्त भरायचा मोह इथेच होतो. ३,६०० रुपये जादा मिळतात. पण ओव्हरलोडचा दंड २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००, म्हणजे २४,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च तुमचा. सहाटायरची एकूण वजनाची मर्यादा २०१८ मध्ये १६.२ वरून १८.५ टन झाली, तरी तुमच्या आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) जे लिहिलंय तेच बघा, दलाल तोंडी सांगतो ते नाही. रिकाम्या गाडीचं वजन बॉडीसकट एकदा काट्यावर करून पावती गाडीतच ठेवा. लोखंडी बॉडी असेल तर हक्काचे १२ टनही बसत नाहीत, आणि मग वरचा सगळा हिशोब खाली येतो.

पैसे बुडतात ते पोचवर (माल मिळाल्याच्या सहीच्या पावतीवर). भरतानाच गाडीची चिठ्ठी घ्या: टनाचा भाव, ॲडव्हान्स किती, बाकी किती दिवसांत, कमिशन कोणाकडून, हमाली-वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) कोणाची, खाली व्हायला २४ तासांपेक्षा जास्त लागले तर दिवसाचं होल्टिंग (गाडी अडकून राहिल्याची भरपाई) किती. हे तोंडी ठरवलं की शेवटी हमाली गाडीवाल्याच्या माथी येते. खाली करताना गेटवर पोचल्याची वेळ बिल्टीवर (मालासोबतच्या वाहतूक पावतीवर) लिहून घ्या, नाहीतर होल्टिंग मागायला पुरावाच नाही. पोचवर शिक्का, सही, तारीख आणि 'माल पूर्ण मिळाला' हे शब्द हवेत. नुसता शिक्का असेल तर महिन्याने 'दोन पेट्या कमी होत्या' म्हणून बाकीतून कापतात. पोचचा फोटो त्याच मिनिटाला पाठवा, मूळ कागद हातात द्या किंवा स्पीड पोस्टाने.

कांद्याच्या सीझनमध्ये लासलगाव, पिंपळगावहून लांबच्या भाड्याला बोलावतील. कांद्याचं वाटेत वजन घटतं. ती घट गाडीच्या माथी नको, बिल्टीवर 'वजन घट मालकाची' लिहून घ्या. ताडपत्री फक्त वरून, बाजू मोकळ्या; गच्च बांधली की खालच्या गोण्या तापून ओल्या होतात आणि मग सडीचा दावा येतो. ताज्या कांद्याला ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही. अंबडच्या मालाला लागतं, आणि त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. इंदूरचं ४१० म्हणजे तीन दिवस. बिलावरचा गाडी नंबर एका अक्षराने चुकला तरी अडकवतात, गेटबाहेर पडण्याआधी स्वतः वाचा.

आयकराचं सोपं आहे: दहापर्यंत गाड्या असतील तर अंदाजी उत्पन्नाची सोय आहे, १२ टनांवरच्या गाडीला एकूण वजनाच्या टनामागे महिन्याला १,००० उत्पन्न धरतात, म्हणजे तुमचं १८,५००. मात्र गाडी उभी असली तरी तो महिना धरला जातो. पॅनसह दहापर्यंत गाड्या असल्याचं लेखी दिलं की ट्रान्सपोर्टवाल्याला टीडीएस (भाड्यातून आधीच कापायचा आयकर) कापता येत नाही. तरी कापलाच तर लगेच हटका.

गाडी अजून घेतली नसेल तर आरसीवरचा बोजा (कर्जाची नोंद) उतरल्याचा कागद, थकलेली ई-चलनं आणि मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ चेसिसला वेल्डिंग आहे का हे बघूनच टोकन द्या. दोन ॲक्सलच्या गाडीला १२ वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही, म्हणजे ही गाडी इंदूरला २०३१ पर्यंतच. हप्ते त्याच्या आत फिटतात ना, तेही मोजा. बीएस-४ (धुराच्या जुन्या नियमाच्या) गाड्यांतही काहींना धूर साफ करायला युरिया लागतो, ही तशी आहे का तेही बघा.