दाताच्या इम्प्लांटला (हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा कृत्रिम दात) कीड लागत नाही, मग रोजचा साधा ब्रश पुरेसा नाही का? घरी आणखी काय करावं?

कीड लागत नाही हे खरं. पण नुसता ब्रश पुरत नाही, कारण इथे धोका भोवतीच्या हिरडीला आणि हाडाला असतो. माझी खालची एक दाढ इम्प्लांटची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नैसर्गिक दात हाडात बारीक तंतूंनी धरलेला असतो आणि हिरडीचे तंतूही त्याच्या मुळात रुतलेले असतात. इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू थेट हाडाशी जुळतो, हिरडी मात्र त्याला नुसती बिलगून असते. त्यामुळे तिथे साचलेल्या प्लाकचा, म्हणजे जंतूंच्या चिकट थराचा, त्रास लवकर खोल जातो. आधी हिरडी लालसर होते, सुजते, घासताना रक्त येतं. एवढ्यावर लक्ष दिलं तर ती पूर्ववत होते. हाड झिजायला लागलं की घरच्या उपायांनी ते परत येत नाही. आणि हे सगळं बहुतेक वेळा न दुखता होतं! म्हणून दुखण्याची वाट पाहू नका. रक्त दिसलं की डेंटिस्टना दाखवा.

वरची कॅप फुगीर आणि खालची मान बारीक, त्यामुळे घाण नेमकी हिरडीच्या कडेला अडकते. मऊ ब्रश तिथे तिरका धरून हलक्या हाताने फिरवा, जिभेकडची बाजूही. फटींसाठी इंटरडेंटल ब्रश घ्या, पण ज्याच्या तारेवर प्लास्टिकचं आवरण आहे असाच. माप डेंटिस्टकडूनच ठरवून घ्या. तो जोर न लावता आत गेला पाहिजे. फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा धागा) वापरत असाल आणि तो खरखरीत जागी अडकून पिंजत असेल तर थांबवा, कारण मागे राहिलेल्या धाग्यानेही हिरडी सुजते. पाण्याच्या बारीक धारेने फटी साफ करणारा वॉटर फ्लॉसर चांगला, पण ब्रशच्या जोडीला. कोळशाची पेस्ट, खरखरीत पावडर, टाचणीने कोरणं, हे सगळं टाळा. क्लोरहेक्झिडिनचा माउथवॉश सांगितला असेल तेवढेच दिवस वापरायचा, दात डागाळतात.

शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर यातलं काही लगेच सुरू करू नका, टाके असेपर्यंत डॉक्टरांच्या सूचनाच पाळा.

सिगारेट किंवा तंबाखू असेल तर सोडाच, आणि मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. झोपेत दात खात असाल तर नाइट गार्डबद्दल, म्हणजे रात्री दातांवर घालायच्या आवरणाबद्दल, विचारा. इम्प्लांटचा दात किंचित जरी हलला तरी त्या बाजूने चावणं बंद करून लगेच दाखवा. पुष्कळदा हाडातला मोठा नव्हे, तर वरचा भाग धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो आणि तो पुन्हा घट्ट करता येतो.