लिलावात वस्तूची किंमत बघायचीच नसते

तू पहिल्यांदाच चॅरिटी लिलावाचं काम बघतोयस म्हणून सांगतो, वस्तूचा दुकानातला भाव आधी डोक्यातून काढून टाक. मंडळात गणपतीचा नारळ लिलावाला निघतो तेव्हा कोणी म्हणतं का की मंडईत स्वस्त मिळतो? हैदराबादजवळच्या बालापूरच्या गणपतीचा लाडू २०२४ ला ३० लाखांच्या वर गेला, २०१५ ला सुरतेत मोदींचा सूट ४.३१ कोटींना गेला, पैसे गंगा सफाईला. त्याची शिलाई तेवढी नव्हती हे घेणाऱ्यालाही कळत होतंच की.

माणूस पैसे द्यायचे हे ठरवूनच येतो, वस्तू नुसतं निमित्त, आणि वर चारचौघात नाव पुकारलं जातं, समोर धंद्यातला ओळखीचा बसलाय, त्याने हात वर केला की हा पण करतो, आणि हरला तरी कोणाचं काही बिघडत नाही. म्हणून कोथरूडच्या हॉलमध्ये ओळखीची माणसं समोरासमोर बसव. पुणेकर हिशोबी खरा पण ओळखीच्यासमोर मागे हटणं जड जातं त्याला :)

लिलावाला मिक्सर, कुकर ठेवू नकोस, रेट सगळ्यांना पाठ, बोली एमआरपीच्या खालीच अडकते. सही केलेली बॅट, एखाद्या गायकाची घरगुती बैठक, असलं काहीतरी बघ जे दुकानात मिळतच नाही.

आणि ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची पावती पूर्ण रकमेची देऊ असं स्टेजवरून बोलून बसू नकोस, बदल्यात वस्तू दिलीये ना, आधी सीएला विचार. २००० च्या वर कॅशला तशीही करसवलत नाही, चेक नाहीतर यूपीआयच घे.